ऊन सोसणं वेगळं, ऊन न समजणं वेगळं

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला, की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आबाजीचं जुनं हाड आहे, त्याले ऊन लागत नाही." हे वाक्य मला मनापासून खटकतं. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत आणि त्यातली एक जीवघेणी आहे.

पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती म्हणजे काटकपणा. तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या, दम टिकवून असणाऱ्या माणसाला घाम लवकर सुटतो, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदयावर ताण कमी येतो. उन्हाची सवय साधारण एक-दोन आठवड्यांत होते आणि उन्हात जाणं थांबलं की काही आठवड्यांत मोडते. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी केलेली वखरणी आज कामी येत नाही.

दुसऱ्या गोष्टीवर मात्र कोणी बोलत नाही. वयानुसार कातडीची गरम-थंड ओळखण्याची ताकद बोथट होते, आणि ती आधी पायांकडून जाते. तहानही उशिरा लागते. त्यात घामाच्या ग्रंथी कमी घाम देतात आणि कातडीकडे रक्त कमी वळतं, म्हणून आतली उष्णता नीट बाहेर पडत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांवर असताना आबाजी "मले काही वाटत नाही" म्हणतात, तेव्हा ते खरंच बोलत असतात. पण अंग तापलेलं असू शकतं. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला, की तो उष्माघात. तिथे वाट पाहायची नाही. अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखान्यात न्यायचं.

घाम बघून ओळखू म्हणाल, तर आपल्या कोरड्या हवेत तो दिसायच्या आत उडतो. बंडीवर मिठाचे पांढरे डाग पडतात का आणि लघवी गडद होते का, हे पाहा.

मग रोज चालणाऱ्या म्हाताऱ्याचं काय? त्याचा घाम आणि रक्ताभिसरण बसून राहणाऱ्यापेक्षा चांगलं असतं, म्हणून चालणं सोडू नये. पण त्यामुळे जाणीव तरुणासारखी राहील, असं धरून चालू नका. साखरेचा आजार किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल, तर आणखीच जपावं लागतं.

हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्याने आणि शेकोटीने पाय भाजतात, तेही याच बोथटपणामुळे. पाणी दुसऱ्याने हाताने पाहून द्यावं.

उन्हाळ्यात "तहान लागली का, आबाजी?" विचारत बसू नका. दर तासाभराने पाण्याचा तांब्या हातात द्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर तेवढंच. अकरा ते चार या वेळात ते वावरात नकोत. कोंदट खोलीत नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, खिडकी उघडी ठेवून खस भिजवलेला कूलर लावा. खिशातल्या कांद्यावर विसंबून त्यांना बाहेर पाठवणं तर बंदच करा.