मिडी कीबोर्ड कंट्रोलर

मिडी कीबोर्ड कंट्रोलर : पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेले, पण स्वतःचा आवाज नसलेले उपकरण. कोणती पट्टी दाबली आणि किती वेगाने, एवढेच आकडे ते लॅपटॉपला किंवा फोनला पाठवते. आवाज तिथल्या सॉफ्टवेअरमधून निघतो. म्हणून स्पीकरची वायर लॅपटॉपला किंवा ऑडिओ इंटरफेसला (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या जोडउपकरणाला) लावावी, कंट्रोलरला नव्हे. आकड्यांची ही मिडी भाषा १९८३ पासून वापरात आहे. २५, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे कंट्रोलर मिळतात. भजनाच्या साथीला ४९ पुरतात.

पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारखे संवादिनीवादक बेळगावात होऊन गेले. या शहरात आणि खानापूर, निपाणी भागांत कंट्रोलरपुढे बसणारा वादक पुष्कळदा पेटीवर बोटे बसवूनच आलेला असतो. त्याची पहिली अडचण डाव्या हाताची. पेटीत जोर बोटात नसतो, भात्यात असतो. कंट्रोलरच्या प्रत्येक पट्टीखाली मात्र दोन संपर्क असतात. ते लागण्यातला वेळ मोजून १ ते १२७ असा वेग ठरतो. पेटीच्या आवाजाला हा वेग जोडलेला राहिला, तर एक सूर दणकतो आणि पुढचा दबतो. वेग १०० च्या आसपास स्थिर करावा. डावीकडचे मॉड्युलेशन चाक मुळात सीसी १ पाठवते (सीसी म्हणजे कंट्रोल चेंज, चाके-पेडलांच्या मिडी संदेशाचा क्रमांक). ते बदलून सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन, करावे. हे चाक सोडल्या जागी थांबते, त्यामुळे भात्यासारखा दाब धरून ठेवता येतो. हा एक बदल केल्याशिवाय अभंगाची साथ जिवंत वाटत नाही.

त्याच्या शेजारचे पिचबेंड चाक सोडले की आपोआप मध्यावर येते. मूल्ये ० ते १६३८३, मध्य ८१९२. पेटीत न निघणारी मींड यावर निघते. मूळ आवाका बहुधा दोन अर्धस्वरांचा, म्हणजे सा ते शुद्ध रे एवढाच. शुद्ध गंधारापर्यंत जायचे तर सॉफ्टवेअरमध्ये तो ४ करावा. चाक त्या चॅनलवरचे (मिडी संदेशांच्या एका वाटेवरचे) सगळेच सूर ओढते, म्हणून खाली धरलेला सा सुद्धा सरकतो आणि सूर बिघडतो. सा-पाचा आधार वेगळ्या चॅनलवर ठेवावा. चॅनल १६ असतात.

सगळ्या पट्ट्यांचे सूर अर्धस्वरांनी वर-खाली सरकवणारे ट्रान्सपोज बटण गायकाच्या सुरासाठी. पांढरी एकमध्ये हात बसलेल्याने काळी चारला साथ करताना +८ किंवा −४ ठेवावे. पट्टी दाबलेली असताना हे बदलू नये. काही कंट्रोलरांवर सूर अडकून वाजत राहतो. अडकलाच तर सगळे सूर बंद करणारे पॅनिक बटण दाबावे, नाहीतर त्याच कामाचा सीसी १२३ पाठवावा.

सूर लांबवणारे सस्टेन पेडल (सीसी ६४) उलटे चालू लागले, तर बहुधा कंट्रोलर चालू करताना त्यावर पाय होता. पाय काढून पुन्हा चालू करावा.

पखवाजाच्या मागे सूर पडत असेल तर दोष बहुधा बफरचा, म्हणजे लॅपटॉप आवाज वाजवण्याआधी त्याचे जे नमुने (बारीक तुकडे) साठवतो त्या साठ्याचा. ४४,१०० हर्ट्झला ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे ११.६ मिलिसेकंद उशीर लावतो, १२८ चा २.९. उशिरामुळेच ब्लूटूथ स्पीकरही साथीला कधीही नको. लाईट गेली तरी यूएसबीवरचा कंट्रोलर लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो. मात्र साध्या यूएसबी हबवर (एका जागेच्या अनेक जागा करणाऱ्या डबीवर) इतर उपकरणेही लावली तर वीज अपुरी पडून जोडणी तुटू शकते.

खानापूरकडच्या पावसाळ्यात दमट हवेने आणि धुळीने संपर्क खराब होतात. एकच पट्टी मुकी होते किंवा हलके दाबूनही पूर्ण जोराने वाजते. कंट्रोलर उघडून रबरी संपर्कपट्टी आणि तिच्याखालचा सर्किटबोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने अलगद पुसावा. काळा कार्बनचा थर घासू नये. तो गेला की नवी संपर्कपट्टीच टाकावी लागते.