शेजारच्या झाडामुळे होणारे नुकसान : कायदेशीर जबाबदारी (नाशिक)

एकाच्या आवारातले झाड, त्याची फांदी किंवा मुळे यांमुळे शेजाऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यायची, हा अपकृत्य कायद्यातील (एकाच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास दिवाणी भरपाई ठरवणाऱ्या तत्त्वांतील) प्रश्न. त्यासाठी वेगळा कायदा नाही; निष्काळजीपणा आणि उपद्रव या तत्त्वांवर दिवाणी न्यायालये निकाल देतात. बुंधा ज्याच्या हद्दीत, त्याचे झाड. कंपाउंडलगतच्या झाडावरून वाद झाला तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी लागते.

झाड पडले म्हणजे मालक दोषी, असे नाही. निरोगी झाड वळवाच्या वादळात उन्मळून पडले, तर भरपाई मिळणे अवघड. पण बुंधा पोकळ झालेला, मुळाशी अळंब्या उगवलेल्या, झाड शेजारच्या पत्र्यांवर कललेले आणि मालकाला ते माहीत होते, असे दिसले तर वादळाकडे बोट दाखवून भागत नाही. सारा वाद या ‘माहीत होते का’वर येऊन ठरतो. म्हणून गच्चीवरून दहा वेळा सांगण्यापेक्षा फोटो जोडलेले, पोच घेतलेले एक पत्र मोलाचे. सार्वजनिक झाडांबाबत तर भरपाई मिळणे याहून अवघड ठरू शकते : रस्त्याकडेचे झाड पडून पादचारी दगावला, तेव्हा राजकोट महापालिकेला सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये जबाबदार धरले नाही. मृताच्या कुटुंबाच्या दृष्टीने हा निकाल कठोरच म्हणावा लागेल.

हद्दीत आलेल्या फांद्या आपल्या बाजूने छाटण्याचा हक्क शेजाऱ्याला आहे. त्या कितीही वर्षे तिथे असोत, मालकाला वहिवाट सांगता येत नाही. मात्र छाटलेली फांदी आणि तिच्यावरचे आंबे मालकाचेच. शिवाय शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आडवा येतो. त्यात झाड ‘तोडणे’ म्हणजे कापणे, जाळणे किंवा कोणत्याही रीतीने इजा करणे. तेव्हा कुऱ्हाड उचलण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून जादा संरक्षण आहे. हे नियम जाचक वाटले तरी शहरातली सावली टिकवायला ते लागतातच.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत गोष्ट वेगळी. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे किंवा उंबराचे बी विटांच्या सांध्यात रुजते, चुना पोखरते, आणि काही वर्षांत सामाईक भिंत फुगते. ते कोणी लावलेले नसते; पण दिसत असूनही वाढू दिले, तर तेवढ्या बचावावर मालक सुटेलच असे नाही.

झाड पडण्याच्या बेतात असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी ते काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश देऊ शकतात. मुळांचा त्रास चालूच असेल, तर मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम २२ प्रमाणे दाव्याची मुदत क्षणोक्षणी नव्याने सुरू होते.