सिल्व्हर की रेनबो? कयाक घेऊन नेमकं कुठे जायचं

फ्लोरिडातल्या ओकाला शहराच्या पूर्वेला सिल्व्हर नदी आहे आणि नैर्ऋत्येला, डनेलन गावाजवळ, रेनबो. दोन्ही एकाच मॅरियन काउंटीत आहेत, एकीकडून दुसरीकडे जायला गाडीने तासभरही लागत नाही. दोन्ही जेमतेम आठ-नऊ किलोमीटर लांब, दोन्हींच्या उगमाशी राज्य उद्यान, दोन्हीकडे भाड्याने कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) मिळते आणि फोटोत दोन्हींचं पाणी तेच निळं-हिरवं दिसतं. त्यामुळे ऑर्लँडोहून एका दिवसासाठी निघालेली मंडळी ‘दोन्हीपैकी कुठलीही चालेल’ असं समजून निघतात. पण दिवस कसा घालवायचा आहे हे ठरवल्याशिवाय निघालात, तर हमखास चुकीच्या नदीवर पोहोचाल.

आधी सारखेपणाचं कारण. उत्तर फ्लोरिडाखाली सच्छिद्र चुनखडीचा जाड थर आहे. पावसाचं पाणी वाळूतून झिरपत त्या खडकात उतरतं, पोकळ्यांतून फिरतं आणि दाबामुळे झऱ्यांवाटे पुन्हा वर येतं. वाटेत गाळ मागे राहतो, म्हणून पाणी नितळ. जमिनीखाली ऋतू पोहोचत नाहीत, म्हणून तापमान बारा महिने 22-23 अंश सेल्सियस. आपल्याकडच्या नद्या पावसाळ्यात गढूळ होऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आटतात. इथे उगमापाशी जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये जवळपास तेच पाणी दिसतं.

आणि एवढा सारखेपणा असूनही ही पाणी दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात! सिल्व्हर जाते ओक्लावाहा नदीत, ती सेंट जॉन्समध्ये, आणि ती अटलांटिकला. रेनबो विथलाकूची नदीतून मेक्सिकोच्या आखाताला मिळते. भूगर्भात शेजारी असलेलं पाणी जमिनीवर आल्यावर पाठ फिरवून चालू लागतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता फरक. सिल्व्हर ही बघण्याची नदी आहे. तिच्यात पोहायला आणि हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर तरंगायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. मगरींसारख्या दिसणाऱ्या अ‍ॅलिगेटरांचा तिथे चांगला वावर आहे. ओंडक्यावर ऊन खात पडलेले कासवांचे थवे, पंख पसरून वाळवत बसलेला स्नेकबर्ड पक्षी, पाणगवतातून सरकणारे मासे, हे सगळं कयाकमधून अगदी हाताच्या अंतरावर दिसतं. दोन्ही काठांवर बऱ्याच अंतरापर्यंत घर नाही, नुसतं सायप्रस वृक्षांचं जंगल. तळ दिसतो म्हणून तर काचेच्या तळाच्या बोटी इथे 1870च्या दशकापासून चालत आल्या. वल्हवत शेवटपर्यंत गेलात, तर ओक्लावाहाचं पाणी भेटतं. दलदलीतल्या कुजलेल्या पानांनी ते कोऱ्या चहासारखं तांबूस झालेलं असतं. नितळ नदी त्या पाण्यात मिसळते ती जागा चुकवू नये.

सिल्व्हरच्या काठावर माकडंही दिसतात, आणि ती तिथली नव्हेत. भारतात आढळणारी ऱ्हिसस जातीची ही लालतोंडी माकडं 1930च्या दशकात जंगल-सफारीच्या बोटी चालवणाऱ्या टूई नावाच्या माणसाने पर्यटकांसाठी एका बेटावर आणून सोडली. त्यांना पोहता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ती पोहून पलीकडे गेली आणि जंगलात पसरली. आपल्या लोकांना ती पाहून घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं आणि हात केळ्याकडे जातो. कृपा करून देऊ नका. खाऊ घालण्यावर बंदी आहे, आणि त्यांच्यातल्या काहींत माणसाला घातक ठरू शकणारा हर्पिस बी विषाणू आढळला आहे.

याच नदीची एक गोष्ट माहितीफलकापुरती राहू नये असं मला मनापासून वाटतं. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना मुख्य झऱ्यावर प्रवेश नव्हता. 1949 ते 1969 त्यांच्यासाठी थोडं खाली, त्याच पाण्यावर, पॅराडाइज पार्क नावाचं वेगळं उद्यान होतं.

रेनबो ही पाण्यात उतरण्याची नदी. उगमाशी पोहण्याची जागा आहे, खालच्या टप्प्यात ट्यूबवर तरंगता येतं, स्नॉर्केल (पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी) लावून तळ बघता येतो. तळाशी जिथे लहान झरे फुटतात तिथली पांढरी वाळू सतत वर उसळत असते. मुलं बरोबर असतील तर मी डोळे मिटून रेनबो सुचवेन. मात्र एका काठाला घरं आहेत, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते की शांततेची अपेक्षाच ठेवू नये. उद्यानातले धबधबे बघून फसू नका: ते माणसाने बनवलेले आहेत, जुन्या फॉस्फेट खाणीच्या ढिगाऱ्यांवर. डनेलनजवळ 1889 मध्ये फॉस्फेट सापडलं होतं.

दोन्हीकडे एक दुखणं मात्र सारखं आहे. शेतातली खतं आणि सेप्टिक टाक्यांमधून झिरपणारं नायट्रेट चुनखडीत गाळलं जात नाही. ते झऱ्यातून बाहेर येतं आणि पाणगवतावर शेवाळ वाढतं. सिल्व्हरचा प्रवाह तर पूर्वीपेक्षा बराच घटला आहे.

निघताना एवढं पाहा. सिल्व्हरवर उगमापासून खाली जाणं सोपं, पण परत येताना प्रवाहाविरुद्ध वल्हवावं लागतं. त्यामुळे अर्ध्या दमातच वळा, किंवा खालच्या टोकाच्या रे वेसाइड पार्कला दुसरी गाडी ठेवा. रेनबोवर मधल्या केपी होल पार्कपासून आधी उगमाकडे वल्हवत जा आणि येताना वाहत या. तिथे एकदा वापरून फेकायच्या बाटल्या-डबे नदीवर चालत नाहीत. पाण्याची बाटली स्टीलची घ्या आणि जेवण काठावर परतल्यावर करा.