‘शॅबी’च्या अंगावरची खपली

कॉलर विरलेला शर्ट, पोपडे धरलेली भिंत, कुणाला दिलेली हीन वागणूक. इंग्रजीत या तिन्हींना ‘शॅबी’ म्हणता येतं. आपण मराठीत गबाळा, कळकट, हलकट असे निरनिराळे शब्द काढू. या शब्दाचं मूळ मात्र कपड्यात नाही, कातडीत आहे.

जुन्या इंग्रजीत ‘शॅब’ म्हणजे खपली आणि खरूज. मेंढ्यांच्या खरजेलाही हाच शब्द होता. मध्ययुगीन इंग्लंडचा पैसा लोकरीवर उभा होता, त्यामुळे हा रोग लोकांच्या चांगलाच ओळखीचा. सोरोप्टिस ओव्हिस नावाचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, आठ पायांचा जीव मेंढीच्या लोकरीत राहतो. माणसाला खरूज आणणारा त्याचा भाऊबंद कातडीत बीळ करतो, हा वरच राहतो. त्याच्या विष्ठेची मेंढीला अ‍ॅलर्जी होते. अंगाला भयंकर खाज सुटते, लस झिरपते आणि वाळून पिवळट खपल्या धरतात. मेंढी कुंपणाला अंग घासत राहते आणि लोकरीचे पुंजके गळून पडतात. उरतं ते ठिकठिकाणी उघडं पडलेलं अंग आणि लोंबणारी लोकर. जुन्या, फाटक्या कोटाला ‘शॅबी’ का म्हणावं, हे ती मेंढी पाहिली की कळतं.

मग खपलीला आज इंग्रजीत म्हणतात तो ‘स्कॅब’ कुठून आला? नवव्या शतकापासून इंग्लंडमध्ये वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीतून. इंग्रजीने आपल्या शब्दांतल्या ‘स्क’चा ‘श’ केला होता, व्हायकिंगांनी ‘स्क’ तसाच ठेवला होता. म्हणूनच शर्ट आणि स्कर्ट हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, आणि शॅब-स्कॅब ही तशीच दुसरी जोडी. लॅटिनमध्ये खाजवणे म्हणजे ‘स्काबेरे’, त्यावरून खरजेचं वैद्यकीय नाव स्केबीज. दाढीचा ‘शेव्ह’सुद्धा याच कुळातला, कारण मूळ धातूत खरवडण्याचा अर्थ आहे. मला ही सोयरीक फार आवडते.

‘शॅबी’ रूढ झाला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनला तो अजिबात खपला नाही. हा शब्द बोलण्यात शिरलाय, पण त्याला भाषेत थारा देऊ नये, असं त्याने 1755च्या शब्दकोशात नोंदवलं.

आपली वाटही वेगळी नाही. संस्कृत ‘खर्जू’वरून खरूज, खरजेवरून खरजुला. गल्लीतलं खरजुलं कुत्रं आधी खरजेने पिडलेलं असतं. पुढे ज्याच्या अंगावर एकही फोड नाही, अशा माणसालाही आपण रागाच्या भरात खरजुला म्हणून मोकळे होतो.