गेमिंग लॅपटॉप आणि डिझाइनचा लॅपटॉप: आकडे तेच, काम वेगळं

गोव्यात म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात दोन लॅपटॉप शेजारी ठेवलेले असतात. दोन्हींच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेलं: आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड, फुल एचडी. किमतीत मात्र वीस-पंचवीस हजारांचा फरक. आल्तिनोच्या कला महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि रात्री गेम खेळणारा तिचा भाऊ, दोघांनाही दुकानदार एकच मशीन दाखवतो: 'दोन्ही होतं यावर.' होतं, पण चिठ्ठीवर जे लिहिलेलं नसतं, खरा निकाल तेच लावतं.

आधी काम समजून घ्या. गेममध्ये समोरचं दृश्य सतत नव्याने काढावं लागतं. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनचा पुरता उपयोग करायचा तर एका चित्राला ७ मिलिसेकंदही मिळत नाहीत, आणि हा बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर येतो. डिझाइनमध्ये चित्र जागच्या जागी असतं. तिथे रंग खरा दिसायला हवा, फाइल मेमरीत मावायला हवी आणि दिलेली कमांड प्रोसेसरने लगेच उरकायला हवी. कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटरचं बरंचसं काम आजही प्रोसेसरच करतो. पत्रकं, लग्नपत्रिका, लोगो एवढंच करणाऱ्याने महागड्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नयेत. ब्लेंडरमध्ये थ्रीडी किंवा व्हिडिओ करणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला ते कार्ड लागतंच.

गेमसाठी घेणाऱ्याने कार्डाच्या नावाआधी त्याचे वॅट, म्हणजे त्याला किती वीज मिळते ते, विचारावेत. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कंपनीला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येतं. नाव तेच, मेमरीही तीच ८ जीबी. पण पातळ, देखण्या मशीनमधलं ४५-५० वॅटचं ४०६० हे जाड मशीनमधल्या १०० वॅटच्या ४०६० पुढे टिकत नाही, कधीकधी भरपूर वॅटच्या ४०५० पुढेही नाही. दुकानातच पाहता येतं: एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, हेल्प मेनूतून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जा, तिथे मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर असा आकडा दिसेल. १००च्या पुढे फारसा फायदा नाही, ६०च्या खाली असेल तर सोडून द्या. मक्स स्विच आहे का, हेही विचारा. तो असेल तर कार्डातलं चित्र प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला वळसा न घालता थेट स्क्रीनवर जातं.

डिझाइनवाल्याचं घोडं अडतं ते स्क्रीनवर. स्वस्त गेमिंग लॅपटॉपची स्क्रीन वेगाने १४४ हर्ट्झ असते, रंगाने ४५ टक्के एनटीएससी. म्हणजे वेब आणि स्क्रीनवरच्या कामासाठी जो एसआरजीबी रंगपट्टा धरतात, त्यातले जेमतेम ६०-६५ टक्के रंग तिला दाखवता येतात. होतं असं: चवथीचा बॅनर करताना झेंडूचा केशरी रंग फिका, विटकरी दिसतो. डिझाइनर मॅजेन्टा (छपाईची गुलाबी शाई) वाढवतो, मग पिवळा वाढवतो, स्क्रीनवर 'बरोबर' दिसेपर्यंत. पण फाइलमधले आकडे तोवर कुठल्या कुठे गेलेले असतात. छापणारं मशीन स्क्रीन पाहत नाही, आकडे पाहतं. फ्लेक्स येतो तो लालभडक, आणि गणपतीचा चेहरा तापल्यासारखा. चूक छपाईवाल्याच्या माथी मारली जाते, दोष असतो स्क्रीनचा.

म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये '१०० टक्के एसआरजीबी' हे शब्द हवेतच. ३०० निट्स उजेड आणि १६:१० ची उंच स्क्रीन मिळाली तर टूलबारही ऐसपैस बसतात. एकाच मालिकेत दोन वेगळ्या स्क्रीन विकल्या जातात, तेव्हा मशीनच्या पोटावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर तपासा. आणि पूर्वी छापून आलेलं एखादं पत्रक व त्याची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. फाइल उघडा, कागद शेजारी धरा. दहा सेकंदांत कळतं. ओएलईडी स्क्रीन फार सुंदर दिसते, पण दिवसभर एकाच जागी राहणाऱ्या टूलबारचे डाग तिच्यावर उमटू शकतात. आठ-आठ तास कोरलड्रॉ उघडा ठेवणाऱ्याला आम्ही आयपीएस ही एलसीडी जातीची स्क्रीनच सुचवू.

रॅमबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: '१६ जीबी रॅम अधिक ६ जीबी ग्राफिक्स, मिळून २२.' ही बेरीज होत नाही. गेममध्ये दृश्यांचे पोत (टेक्स्चर) कार्डाच्या मेमरीत राहतात. ती भरली की गेम अडखळतो, आणि मग रॅम ३२ असली तरी ते अडखळणं जात नाही. फोटोशॉपची फाइल मुख्यतः रॅममध्ये राहते. जत्रेतल्या नाटकाचा १० बाय ६ फुटांचा बॅनर घ्या. १०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला १०० ठिपके धरले तर, तो १२,००० बाय ७,२०० पिक्सेल होतो. सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एकच लेअर (थर) सुमारे ३४५ एमबी. कलाकारांचे फोटो, पडदा, सावल्या असे दहा लेअर भरले की साडेतीन जीबी, मागे जाता यावं म्हणून जपलेली हिस्टरी वेगळीच. ८ जीबीच्या मशीनवर फोटोशॉप मग एसएसडीला रॅमसारखं वापरतं आणि साधा ब्रशही मागे रेंगाळतो. (एवढा बॅनर लांबून पाहिला जातो, ७२ डीपीआय ठेवलात तर भार जवळपास निम्मा होतो.) डिझाइनला १६ किमान, मोठ्या छपाईला ३२. गेमला १६ पुरते, पण ती ८ च्या दोन पट्ट्यांत असावी. एकाच पट्टीत वेग कमी पडतो. रॅम बोर्डावर डकवलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही.

प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरावरून वाचा. आय-सेव्हन १३५५यू हा १५ वॅटचा, त्यात जोरकस कोअर फक्त दोन. आय-फाइव्ह १३५००एच ४५ वॅटचा, तसे कोअर चार. दोन्ही कामांना आय-फाइव्हच सरस.

आपल्या हवेचाही विचार करा. गेमिंग लॅपटॉप भरपूर हवा ओढतो. किनाऱ्याजवळ तिच्यासोबत खार येतो, डिचोली-उसगावकडे तांबडी धूळ. वर्षातून एकदा पंखे साफ करून घ्या, नाहीतर तापमान वाढून कार्ड आपणहून वेग कमी करतं. पावसाळ्यात मशीन कपाटात बंद ठेवू नका, आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवा. एसीच्या थंड खोलीतून दमट हवेत आणलं तर अर्धा तास थांबून मगच सुरू करा. आत पाण्याचे कण जमतात. वीज गेल्यावर बॅटरीवर गेम खेळता येईल अशी आशा धरू नका, चार्जर काढताच कार्डाला मिळणारे वॅट खूप खाली येतात. गेमिंगचा चार्जर १८० ते २४० वॅटचा असतो, तेव्हा इन्व्हर्टर साइनवेव्हचाच हवा.

एकाच मशीनवर दोन्ही करायचं आणि पैसे मोजकेच असतील तर गेमिंग लॅपटॉप घ्या. ग्राफिक्स कार्ड पुढे बदलता येत नाही, रॅम बहुधा वाढवता येते, आणि स्क्रीनची उणीव बाहेरून भरून काढता येते: १०० टक्के एसआरजीबीचा २४ इंची आयपीएस मॉनिटर टेबलावर ठेवा. तो एचडीएमआयला जोडा, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये त्यालाच मुख्य स्क्रीन करा, आणि रंग नेहमी तिथेच ठरवा. लॅपटॉपच्या फिक्या स्क्रीनवर फक्त लेअर आणि फोल्डर ठेवा.