ठोक्यांच्या गोळ्यांचा खर्च कमी करायचाय? आधी चिठ्ठीवरचं नाव बदलून घ्या

माझे वडील देवगडला असतात. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना अमिओडेरोन सुरू आहे. गणपतीत घरी गेले तेव्हा बिस्किटाच्या डब्यातली स्ट्रिप सहज उचलली. फोडून दहा दिवस झाले होते आणि दहातल्या पाच गोळ्या अजून तशाच! विचारलं तर म्हणाले, ‘दिवसाआड घेतंय. तेवढ्योच जास्त दिस पुरतत.’

ही काटकसर जिवावर बेतू शकते. घरात कुणी वयस्कर माणूस अशा गोळ्या घेत असेल तर आजच स्ट्रिपवरच्या गोळ्या मोजा. खर्च कमी करायचे सरळ मार्ग आहेत.

स्ट्रिपवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं. ते महत्त्वाचं. शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधात चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असताना दुकानदाराला परस्पर दुसऱ्या कंपनीचं देता येत नाही. औषध नियमांतच तशी मनाई आहे. त्यामुळे ‘स्वस्तातलं द्या’ म्हणून काउंटरवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनाच सांगा, ‘मूळ नावाने लिहून द्या, जनऔषधीतून घ्यायचंय.’ (जनऔषधी म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान.) संकोच करू नका. औषधं मूळ नावाने आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहावीत, हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे. गोळी किती मिलिग्रॅमची आणि दिवसातून किती वेळा, हेही स्पष्ट लिहून घ्या.

प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रासाठी पात्रतेची अटच नाही. उत्पन्नाचा दाखला नको, रेशनकार्ड नको, अर्जही नको. डॉक्टरांची चिठ्ठी पुरते. बाजारातल्या ब्रँडपेक्षा तिथली औषधं साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. पण एसटीचं तिकीट काढण्याआधी ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर औषधाचं नाव टाकून किंमत आणि जवळचं केंद्र बघा, आणि केंद्रात फोन करून माल आहे का ते विचारा. कोकणात एक फेरी फुकट गेली की अख्खा दिवस जातो. अ‍ॅप जमत नसेल तर १८०० १८० ८०८० वर विचारा.

ब्रँडचीच गोळी घ्यावी लागत असेल तर ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅपवर तिची किंमत तपासा. अमिओडेरोनच्या गोळ्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत, म्हणून त्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं. त्यावर फक्त जीएसटी लागतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर तो १२ ऐवजी ५ टक्के आहे. छापील किंमत त्याहून जास्त दिसली तर पक्कं बिल घेऊन १८०० १११ २५५ वर तक्रार करा.

सरकारी दवाखानाही विसरू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. कणकवली, सावंतवाडी, दापोलीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. जुने ईसीजी आणि चिठ्ठ्या घेऊन जा, आणि तुमची गोळी तिथे मिळते का ते विचारा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल मात्र गैरसमज फार. ती दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. पेसमेकर बसवायचा झाला तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याला भेटा. घरी रोज घ्यायच्या गोळ्यांचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

कंपनी बदलली की डॉक्टरांना कळवा आणि ते सांगतील तेव्हा ईसीजी काढा. अमिओडेरोनवर असताना थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी व्हायलाच हव्यात. पैसे वाचवायला त्या टाळू नका. गोळी अर्धी करायची की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारा.

बाबांच्या डब्याच्या झाकणावर मी आता ते घेतात त्या चारही गोळ्यांची मूळ नावं, मिलिग्रॅम आणि वेळा लिहून चिकटवल्यात. चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.