हेपटायटिस बीच्या लसीने कावीळ होत नाही

इंदूरला रामबागेतल्या मराठी घरांत अजून ऐकू येतं, 'ही लस रक्तापासून बनते, बाळाला टोचली की कावीळ होते.' साफ चूक! 1981 साली अमेरिकेत आलेली लस हेपटायटिस बी या विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराने बाधितांच्या रक्तद्रवातून काढत हे खरं, पण तिच्यातही जिवंत विषाणू नसे. 1986पासून विषाणूच्या आवरणातल्या एकाच प्रथिनाचं जनुक यीस्टमध्ये घालतात. यीस्ट ते प्रथिन बनवतं आणि ते शुद्ध करून लस तयार होते. 1997मध्ये हैदराबादेतून आलेली भारतीय लसही अशीच. आत विषाणूच नाही, मग कावीळ कशाने होणार? खरा धोका बाधित आईकडून बाळंतपणात होतो, म्हणून पहिला डोस 24 तासांत द्यायलाच हवा. अनेक नवजात बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर दिसतात, ते रक्तातल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्यामुळे. खापर मात्र लसीवर फुटतं.